लोणच्याच्या बरण्यांखालचे ध्वनिक्षेपक

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुपारी, धुळ्याला थोरल्या भावाच्या ओसरीवर, खापरावरचे मांडे आणि आमरस यांनी सुस्तावलेल्या भाऊबंदांसमोर पंडितराव वाणी यांनी जे विधान केले, ते त्यांच्या सर्व विधानांप्रमाणे पूर्ण, सप्रमाण आणि कोणीही न मागितलेले होते. ते म्हणाले, "दोष या पेट्यांचा नाही. या पेट्या आजवर ज्या यंत्रांच्या गळ्यात बांधल्या, त्या यंत्रांचा आहे."

पेट्या म्हणजे दोन ध्वनिक्षेपक. थोरले भाऊ भटूआबा यांच्या मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलाने ते जहाजाने धाडले होते. कमरेइतके उंच, शिसवी रंगाचे, आणि एकट्या माणसाला न उचलवणारे. सोबत यायचा तो ॲम्प्लिफायर मुंबईच्या बंदरात सीमाशुल्काच्या कुठल्याशा कलमात अडकला आणि तिथेच निवर्तला. मग धुळ्यात उपलब्ध असलेले एकेक यंत्र त्या पेट्यांना जोडून पाहण्यात आले. एक कण्हले, एक 'टक्' असा उद्गार काढून मौनात गेले, आणि शेजारच्या लग्नघराच्या डेकने तर ऐन मंगलाष्टकांत मान टाकली. तेव्हापासून भटूआबांनी पेट्या माजघरात नेऊन त्यांवर कैरीच्या लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या, आणि त्या कामात मात्र पेट्यांनी तक्रारीला कधी जागा दिली नव्हती.

पंडितराव जळगावला जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक होते. जुन्या वळणाच्या गद्यावर त्यांची अढळ निष्ठा होती. वाक्याने घरातून निघतानाच आपले सगळे सामान बरोबर घ्यावे आणि क्रियापदापाशी पोचेपर्यंत त्यातले काही सांडू नये, असे त्यांचे मत होते, आणि ते मत ते न्हाव्यापासून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना समान आस्थेने ऐकवीत. वाद हा त्यांचा व्यायाम होता. इतर लोक सकाळी फिरायला जात. पंडितराव सकाळी दूधवाल्याशी बोलत.

या प्रचंड वाङ्मयासमोर भटूआबांचे एकूण वाङ्मय एका शब्दाचे होते. पंडितरावांनी काहीही म्हटले की आबा म्हणत, "नही." कारण विचारले की ते पानाचा डबा उघडून चुना शोधू लागत. हे आजचे नव्हते. मायने देह ठेवला त्याच्याही आधीपासून चालत आलेले होते. त्या दिवशीही आबांनी आपला शब्द उच्चारला. परंतु पंडितरावांनी आमरसाच्या वाटीवरून प्रतिपादन असे काही लांबवले की आबांना, बहुधा आयुष्यात प्रथमच, एकाहून अधिक वाक्ये बोलणे भाग पडले.

"लई बोलस तू, पंड्या," आबा म्हणाले. "लई जा या पेट्या. कानबाईना रविवारले यासवर मायनी कॅसेट वाजाडी दखाड. वाजनी, ते पेट्या तुन्या. नही वाजनी, ते पुढली कानबाईलगून भाऊबंदकीम्हा वाद घालाना नही. एक सबद नही."

ओसरी एकदम जागी झाली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही कुळाची देवी घरात बसते. त्या दिवशी खानदेशातल्या कुळाचा प्रत्येक माणूस जिथे असेल तिथून येतो, घरातल्या पुरुषांच्या संख्येने मुठी मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत. यंदा कानबाई जळगावला पंडितरावांकडे बसायची होती. म्हणजे कॅसेट वाजली तर पेट्या पंडितरावांच्या, पण हार झाली तर ती सगळ्या कुळासमोर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या रोटावर होणार होती; आणि त्यानंतर आख्खे वर्ष साखरपुडे, बारशी, जमिनीच्या वाटण्या यांत पंडितरावांना तोंड मिटून बसावे लागणार होते. एखाद्या पहिलवानाला वर्षभर गादीवर बसवून दूधभात भरवावा, तशी ती शिक्षा होती.

कॅसेटही साधी नव्हती. माय, म्हणजे झुंबरबाई, कानबाईची गाणी म्हणायला बसली की गल्ली थांबत असे. शेवटच्या काही कानबायांपैकी एकीला पंडितरावांनी लहानशा टेपरेकॉर्डरवर ती गाणी धरून ठेवली होती. तो रेकॉर्डर कुठे ठेवावा यावरूनही तेव्हा दोघा भावांचा वाद झाला होता, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना अंगणातला गलका थांबवण्यासाठी पंडितराव स्वतः उठून बाहेर गेले होते. पुढे ती कॅसेट दरवर्षी वाजे. पण माय पत्र्याच्या डब्यात बसून गात आहे असे वाटे, आणि दोन गाण्यांच्या मध्ये नुसती खरखर ऐकू येई. ती टेपची खोड समजून मंडळी पुढच्या गाण्याची वाट पाहत.

परतीच्या वाटेवर पत्नी कुंदाबाईंनी एवढेच म्हटले, "कानबाईला काय मागावं, हेच मला कळेनासं झालंय. तुम्ही जिंकावं म्हणून नवस बोलावा, तर वर्षभराची शांतता हातची जाते."

पेट्या टेंपोने निघाल्या. चालक पुना नावाचा, मितभाषी आणि व्यवहारी. पारोळा, एरंडोल निर्विघ्न पार पडले. जळगावच्या जकात नाक्यावर कारकुनाने गाडीत डोकावून विचारले तेव्हा पुनाने "कपाटं शेतस, साहेब," असे सांगून टाकले. कारकुनाने पावतीपुस्तक उघडलेही होते. इतक्यात पंडितराव खाली उतरले.

आपल्या उपस्थितीत एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचे नाव दिले जावे, हे त्यांच्याने सोसले नाही. कपाटाला दार असते, कप्पे असतात, त्यात वस्तू ठेवतात. यांपैकी एकही लक्षण येथे संभवत नाही, असे त्यांनी कारकुनाला दाखवून दिले. कारकुनाने विचारले, मग हे वाजते का? पंडितरावांनी उत्तर दिले की ते स्वतः वाजत नाही, वाजवले असता वाजते. मग हे वाद्य आहे, असे कारकून म्हणाला. वाद्य नव्हे, कारण वाद्यात नाद उत्पन्न होतो, येथे उत्पन्न झालेला नाद केवळ प्रकट होतो, असा भेद पंडितरावांनी स्पष्ट केला. मागे केळीच्या ट्रकांची रांग लागली. अखेर कारकुनाने विचारपूर्वक निर्णय दिला: बाहेरचे लाकूड फर्निचरमध्ये, आतली तार विद्युत सामानात, आणि प्रकट होणारा नाद वाद्यांमध्ये. तिन्ही सदरांखाली स्वतंत्र पावत्या फाडण्यात आल्या. घरी सामान उतरवल्यावर पुनाने नम्रपणे सुचवले, "पुढली खेपले तुम्ही मांगे बसा, साहेब. पेट्यासपाशी."

आता खरा प्रश्न होता तो जोडीचा. पंडितरावांनी प्रथम घरचा डेक जोडला. तो हळू आवाजात काही क्षण सुरेल वाजला. मायने खालचा सूर लावला मात्र, आणि डेकने धुळ्याच्या परंपरेला अनुसरून 'टक्' केले. कळ फिरवून पुन्हा लावला. पुन्हा खालचा सूर, पुन्हा 'टक्'. वर्तमानपत्राच्या घडीने त्याला वारा घालून झाला. उपयोग झाला नाही.

'टक्' हा आवाज लहान असला तरी सहकारी वसाहतीत तो दूरवर जातो. सायंकाळपर्यंत सल्लागार जमले. निवृत्त नायब तहसीलदार तोतारामभाऊ यांनी पेट्या पूर्वाभिमुख ठेवायला सांगितल्या. समोरच्या मास्तरांच्या मते हवा कमी होती, पाठीमागे भोक पाडायला हवे. भोक आधीच आहे असे दाखवल्यावर ते बुजवायला हवे, असे त्यांनी तितक्याच निष्ठेने सांगितले. शेजारच्या बंगल्यातले डाळ मिलचे मालक सुगनशेठ मात्र कृतिशूर होते. त्यांनी आपल्या घरचा नवाकोरा सेट नोकराकरवी आणवला. त्याच्या खोक्यावर हजार वॅट असे ठसठशीत छापलेले होते.

"नाना, हजारात काय कमी पडणार?" सुगनशेठ पंडितरावांना म्हणाले. "वाजवा बिनधास्त."

सेट वाजला. खरोखर वाजला. माय पहिले कडवे पूर्ण गायली. पंडितरावांनी धुळ्याच्या दिशेने विजयी दृष्टी टाकली, आणि त्याच वेळी खोलीत कढीपत्ता जळाल्यासारखा वास पसरला. कुंदाबाई स्वयंपाकघराकडे धावल्या. तिथे काही नव्हते. सेटच्या जाळीतून एक बारीक, निळसर, अत्यंत सभ्य अशी धुराची रेघ वर चढत होती. सुगनशेठांनी खोके उचलून त्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

"हजार होते, नाना," ते शांतपणे म्हणाले. "गेले कुठं?"

या प्रश्नाने पंडितरावांना रात्रभर झोप आली नाही असे नाही, कारण झोपेबाबत ते नियमित होते; पण सकाळी दूधवाला त्यांच्याशी न बोलता निघून गेला हे त्यांच्या ध्यानात आले नाही, यावरून त्यांची अवस्था कळावी. शेजाऱ्याचा सेट आपल्या घरात दगावला होता. भरपाईचा विषय काढताच सुगनशेठ दुखावले. त्यांना सेटचे दुःख नव्हते. हजार या आकड्यावरची त्यांची श्रद्धा गेली होती, आणि व्यापारी माणसाची आकड्यावरची श्रद्धा गेली म्हणजे मागे काय उरते, हे पंडितरावांना समजत होते.

पंडितरावांनी मग विचार केला. आणि तो त्यांच्या पद्धतीने, म्हणजे गद्याच्या अंगाने केला. खोक्यावरचा वॅट म्हणजे विशेषण. एका क्षणापुरते यंत्र किती मोठ्याने ओरडू शकते, त्याची ती फुशारकी. पण या पेट्यांना ओरडणे नको होते. त्या मुळात खादाड. वीज मागत त्या इतरांच्या दुप्पट, आणि खालचा सूर आला की त्याहूनही अधिक, आणि तो सूर टिकेल तोवर मागतच राहत. जे यंत्र ही मागणी न धापा टाकता पुरवील, ते त्यांच्या तोलामोलाचे. विशेषणांनी वाक्य उभे राहत नाही. खाली भक्कम क्रियापद लागते. ॲम्प्लिफायरचे क्रियापद म्हणजे त्याचा ट्रान्सफॉर्मर. आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबे आणि लोखंड, म्हणजेच वजन. खोटे बोलणे खोक्याला सोपे होते, वजनाला नव्हते.

हा सिद्धांत हाती आल्यावर पंडितरावांनी जळगावातल्या दुकानांत ॲम्प्लिफायर ऐकणे बंद केले आणि उचलणे सुरू केले. दुकानात शिरावे, समोरचे यंत्र दोन्ही हातांनी छातीपर्यंत घ्यावे, मान हलवावी, आणि "हलका आहे" असे म्हणून खाली ठेवावे. दुकानदार गुणांची यादी सांगत राहत, रंगीत दिवे लावून दाखवत. पंडितराव दुसरे यंत्र उचलत. काही दिवसांनी अशी स्थिती आली की ते रस्त्यावर दिसताच दुकानदार जड वस्तू आत नेऊ लागले. एकाने तर शिवणयंत्र उचलायला दिले.

दरम्यान तोतारामभाऊंनी आठवण करून दिली की ध्वनिक्षेपकास पोलिसांची परवानगी लागते. तो नियम चौकातल्या कर्ण्यांसाठी आहे हे इतर कोणीही मनात म्हटले असते. पंडितराव नियम मनात म्हणणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी अर्ज दिला. ठाण्यातल्या अंमलदाराने छापील रकान्यांतून वाट काढीत मिरवणुकीचा मार्ग विचारला. मिरवणूक नाही, कार्यक्रम दिवाणखान्यात आहे, असे पंडितरावांनी सांगितले. मार्गाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असे अंमलदार म्हणाला. पुष्कळ चर्चेनंतर 'दिवाणखान्यापासून दिवाणखान्यापर्यंत' असा मार्ग नोंदवण्यात आला, आणि तो शांततेने पार पाडावा, वाटेत प्रार्थनास्थळे लागल्यास वाद्ये बंद ठेवावीत, या अटीवर परवानगी मिळाली. वाटेत देवघर लागत होते. पंडितरावांनी ते आतल्या खोलीत हलवले.

तारेचाही प्रश्न होता. दारावरच्या घंटीची बारीक तार या खादाड पेट्यांना पुरणार नाही, हे आता त्यांना आपोआप दिसत होते. ते मोटारपंपांच्या दुकानात गेले आणि पाणबुडी पंपाची जाड केबल मागितली. दुकानदाराने सवयीने विहीर किती खोल आहे असे विचारले. विहीर नाही, दिवाणखाना आहे, या उत्तरावर दुकानदाराने चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिले, आणि केबल कापून दिली.

यंत्र मात्र सापडेना. आषाढ संपला. कुंदाबाई गहू निवडू लागल्या आणि अधूनमधून, कोणाला उद्देशून नव्हे अशा रीतीने, शांततेचे फायदे सांगू लागल्या. धुळ्याहून निरोप आला की पेट्या परत नेण्यासाठी आबा पुनाचा टेंपो घेऊनच येत आहेत. लोणचे तूर्त जमिनीवर ठेवले आहे, आणि जमिनीवर त्याला ओल लागते.

अशा वेळी पाचोऱ्याला, जिल्हा परिषदेच्या कामासाठी गेले असता, पंडितराव चंपालाल नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर पाणी पिण्यास टेकले. पेढीचे दार वाऱ्याने आदळू नये म्हणून त्याला एक काळी लोखंडी पेटी लावून ठेवलेली होती. वारा जोराचा होता. दार तसूभर हलत नव्हते. पंडितरावांच्या नजरेत ते आले, आणि ते प्यायचे पाणी विसरून उठले. त्यांनी वाकून पेटीला हात घातला. पेटी उचलली गेली नाही.

आयुष्यात कोणत्याही ग्रंथाच्या पहिल्या पानावर झाला नसेल इतका आनंद पंडितरावांना त्या क्षणी झाला.

चौकशीअंती कळले की गावात एक ऑर्केस्ट्रा पार्टी होती. ती गायिकेच्या लग्नानंतर मोडली, आणि तिचा हा ॲम्प्लिफायर फिरत फिरत चंपालालांकडे आला. तो चालतो का, हे चंपालालांना ठाऊक नव्हते. दार धरतो, एवढे ते छातीठोकपणे सांगू शकत होते. पंडितरावांनी तो विकत मागितला, तेव्हा त्यांनी एकच अडचण सांगितली: मग दाराला काय लावायचे? पंडितरावांनी बाजारातून पाट्याचा दगड आणून दिला. चंपालालांनी तो दाराला लावून, दार हलवून, वारा पुरेसा येईपर्यंत थांबून, मगच व्यवहार पक्का केला. यंत्राची अशी कसोशीने पारख पंडितरावांनी जळगावच्या एकाही दुकानात पाहिली नव्हती.

यंत्र घरी पोचते न पोचते तोच कानबाईचा रविवार उजाडला. चौरंगावर नवी साडी नेसवलेली, नथ घातलेली कानबाई बसली. धुळे, साक्री, पिंपळनेर इथून भाऊबंद उतरले. भटूआबा पुनाच्या टेंपोतून आले आणि पुनाने गाडी फाटकाला पाठ करून, म्हणजे माल भरण्याच्या बेताने, उभी केली. पुरणाचा वास घरभर होता. दिवेलागणीला अजून अवकाश होता, पण पावसाळी अंधारामुळे दिवाणखान्यातला विजेचा दिवा लावलेला होता. सुगनशेठ सूर्यास्तापूर्वीच आपले जेवण उरकून, रोट आपल्याला मिळणार नाही हे जाणून, केवळ श्रोते म्हणून आले आणि पुढच्या खुर्चीवर बसले. "माझ्या सेटचा जीव कशापायी गेला," ते म्हणाले, "एवढं तरी ऐकू द्या."

पंडितरावांनी डेकची शेपटी नव्या यंत्राला जोडली, यंत्राची जाड केबल पेट्यांना जोडली, कळ दाबली. आतून एक खोल, समाधानी हुंकार आला. मग माय गाऊ लागली. पहिल्या ओळीला बायकांची कुजबुज थांबली. आणि दुसऱ्या ओळीला मायचा आवाज हंबरू लागला, ताणला गेला, रेड्याच्या वळणावर गेला आणि चिखलात रुतला.

भटूआबा सावकाश उठले. पुनाने टेंपोची फळी खाली पाडल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि आश्चर्य असे की त्यांच्या चेहऱ्यावर येऊ घातलेल्या शांततेचा आनंद दिसत नव्हता.

पंडितरावांनी हात वर केला. "थांबा, आबा," ते म्हणाले. "दिव्याकडे पाहा."

सगळ्यांनी दिव्याकडे पाहिले. तो मलूल झाला होता, उजळला, पुन्हा मलूल झाला. मायचा आवाजही त्याच्याच तालात बसत होता आणि उठत होता. पंडितरावांनी बोलायला सुरुवात केली. यंत्र वीज मागते आहे. ती खांबावरून येते. त्याच खांबावरून आणखी कोणी अधिक खादाड तिला ओढून घेत आहे. रविवारी या वेळी या वसाहतीच्या पाठीमागे चालू असते असे काय आहे? बाजाराच्या दिवशी सुट्टी घेऊन रविवारी राबणारे? हे सर्व त्यांनी एकाच वाक्यात सांगितले, आणि ते वाक्य आपले सगळे सामान घेऊन क्रियापदापाशी पोचले तेव्हा साऱ्या खोलीची दृष्टी सुगनशेठांवर स्थिरावली होती.

सुगनशेठांच्या मिलमध्ये तुरीचा माल पडलेला होता. डाळ भरडली जात होती. मग ते उठले, आपल्या घरी गेले, आणि उघड्या खिडकीतून त्यांचा टेलिफोनवरचा आवाज आला. मिल बंद करा. हो, आत्ता. कारण नंतर सांगतो. नाही, कोणी गेलेलं नाही, कोणी यायचं आहे.

दूरची घरघर, जी इतकी नेहमीची होती की कोणाला ऐकूही येत नसे, ती थांबली. दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. पंडितरावांनी कॅसेट पाठीमागे फिरवली.

आणि माय आली. पत्र्याच्या डब्यातून नव्हे; चौरंगाच्या शेजारी, पाय दुमडून, जणू आताच पाटावर बसावी तशी. बांगड्या वाजल्या त्या कोपरापर्यंत ऐकू आल्या. श्वास घेतला तो ऐकू आला. ज्या खालच्या सुराने एवढ्या यंत्रांचे प्राण घेतले होते, तो सूर जमिनीतून वर आला आणि खोलीत उभा राहिला, आणि काळी पेटी त्याला पोसत राहिली, न धापा टाकता, न कण्हता. पिंपळनेरच्या भागाबाई, ज्या तरुणपणी मायच्या शेजारी बसून गात, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"झुंबर उनी वं," त्या म्हणाल्या.

पहिले गाणे संपले. भटूआबा अजून उभेच होते. दोन गाण्यांमधली खरखर सुरू झाली. पण आज ती खरखर नव्हती. दार करकरले. तरुण पंडितरावांचा आवाज दूर जाता जाता अंगणातल्या पोरांना पूर्ण वाक्यांत दटावू लागला. माय हसली. आणि मग अगदी जवळून, हलक्या आवाजात, पण या पेट्यांपुढे काहीही हलके राहत नसल्याने पुढच्या फाटकापर्यंत स्पष्ट ऐकू जाईल असे, ती बोलली.

"भटू, पंड्या सांगस ना, ते बठ्ठं खरंच राहस रे. पन त्याले कधी सांगजो नको. तू आपला नहीच म्हनजो. नही ते मंग तो कोनंच आयकाव नही."

त्यावर तरुण भटूआबांचा आवाज: "हा, माय."

कुंदाबाईंनी पुढे होऊन कॅसेट थांबवली, कारण पुढचे ऐकण्याच्या स्थितीत कोणी नव्हते. पंडितराव थोरल्या भावाकडे पाहत होते. इतक्या वर्षांचे इतके नकार, साखरपुड्यांतले, वाटण्यांतले, मायच्या तेराव्यालाही दिलेला एक, त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून परत जात होते, आणि प्रत्येक जण जाताना नमस्कार करीत होता.

"मायनं सांगेल व्हतं," भटूआबा अवघडून म्हणाले. "मी पाळं."

सुगनशेठ, ज्यांना अहिराणी पुरती येत नव्हती पण नफा झालेला माणूस ओळखता येत होता, त्यांनी पंडितरावांच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर पुनाने कोणी न सांगता टेंपोची फळी वर चढवली. पेट्या राहिल्या होत्या, वाद राहिला होता, आणि वर्षभराची शांतता घराबाहेर उभी होती तिथूनच परत चालली होती. कुंदाबाईंनी डोळे पुसले आणि कानबाईपुढच्या समईतली वात जरा पुढे सारली.

पंडितरावांना बोलायचे होते. वाक्य सापडले ते त्यांच्या मानाने फार लहान होते.

"म्हणजे, आबा," त्यांनी विचारले, "आजवर मी जे जे म्हणालो, ते सगळे तुम्हाला मनातून पटत होते?"

भटूआबा खाली बसले. त्यांनी पानाचा डबा उघडला. चुना शोधला, सापडला, पानाला लावला, पान दुमडले, आणि ते गालात ठेवले.

"नही," ते म्हणाले.

पंडितरावांनी कारण विचारले नाही. त्यांनी कॅसेट पुन्हा सुरू केली, आवाजाची कळ जरा उजवीकडे फिरवली, आणि माय पुढचे गाणे म्हणू लागली.